कानाला लागलेला हात

टाचणी गंजलेली होती आणि तिनं कागदाला जिथं भोक पाडलं होतं तिथं तपकिरी डाग उतरला होता, एवढासा, तिळाएवढा — उत्तम मघापासून त्या डागाकडेच बघत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की ही टाचणी आपणच लावली आहे, तीन आठवड्यांपूर्वी. तीन आठवड्यांत टाचणी गंजत नाही. ती आधीच गंजलेली असणार. चांगल्या टाचण्या साहेबांच्या टेबलावरच्या डबीत, आणि उमेदवाराला उरलेल्या... खामगावच्या या विमा कचेरीत सहा आठवडे काढून मिळवलेलं हे एक ज्ञान. बाकी काय शिकलो? दौती भरल्या. लिफाफ्यांना खळ लावली. जुन्या फायली वर्षवार लावल्या, दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या विस्कटल्या, पुन्हा लावल्या. कॉलेजनं सांगितलं होतं, बी. कॉम.च्या मुलांनी सुट्टीत एखाद्या कचेरीत उमेदवारी करावी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा आणि शेवटी साहेबांच्या सहीचा दाखला आणावा. अनुभव म्हणे! आज तीस जून, शेवटचा दिवस. दाखला टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडला होता. सही झाली की साडेचारची एस.टी. पकडायची आणि पिंपळगाव राजाला घरी जायचं.

आणि ही फाईल नेमकी आजच वर यावी.

टाचणीखालचा कागद त्याच्याच अक्षरातला होता. ‘मयत पंजाबराव यांचे जन्मसाल प्रस्तावात १९२१ असे दिले आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख १ जुलै १९१९ अशी आहे. सबब वय दोन वर्षांनी कमी दाखविले आहे.’ ‘सबब’ हा शब्द लिहिताना त्याला किती बरं वाटलं होतं! सहा आठवड्यांत एवढं एकच काम त्याचं स्वतःचं. पंजाबराव त्याच्याच गावचे, त्याच्या घरापासून चौथं घर. चैत्रात शेतात साप चावून गेले. विमा उतरवून तीन वर्षंही झाली नव्हती म्हणून चौकशी निघाली, आणि साहेब म्हणाले होते, तुमचंच गाव ना, मग तुम्हीच जा, वयाचा पुरावा घेऊन या. तो गेला, हेडमास्तरांना दुपारच्या झोपेतून उठवून कपाट उघडायला लावलं, दोन वर्षांचा फरक सापडला — आणि त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, आनंदच झाला. साहेब म्हणाले, “शाब्बास, नजर आहे तुम्हाला.” पुण्याच्या माणसाच्या तोंडची शाबासकी. त्या संध्याकाळी तो बाजारातून उगाच एक फेरी मारून आला होता.

पण एक जुलै...

त्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जुलै होती. गावातला जो तो एक जुलैचा; उद्या सगळ्या गावाचा वाढदिवस. नाव घालायला आलेल्या पोराला गुरुजी उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावत. बोटं डाव्या कानाला लागली की पोर शाळेच्या लायकीचं झालं. तारीख शाळा उघडण्याची, एक जुलै. साल गुरुजींना अंगापिंडावरून वाटेल ते. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझा स्वतःचा हात कानाच्या दोन बोटं वरच अडला होता, आणि बापानं मागून कोपर धरून असा रेटा दिला की खांद्यातून कळ निघाली — “लागला नं गुरुजी, लागला!” — आणि गुरुजींनी लिहिलं, १ जुलै १९४४. आई म्हणते, तू झाला तेव्हा अंगणातल्या दिवाळीच्या पणत्या उचलल्या नव्हत्या. कुठल्या दिवाळीच्या? आईला साल सांगता येत नाही. तिला पणत्या तेवढ्या आठवतात.

“उत्तम, फाईल दे बेटा.” हेडक्लार्क अब्दुल गनी समोर उभे होते, सगळी कचेरी त्यांना गनी चाचा म्हणे. “चार बजेच्या टपालात नागपूरले जाईन थे.”

त्यांच्या मागं दारात सोजराबाई उभ्या होत्या, पंजाबरावांच्या. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. चाचांनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

“बाई, फाईलवर शेरा हाये. वयाचा. शाळेच्या रजिस्टरात दोन वर्सं जास्त हायेत. विम्याचे पैसे द्याचे का नाही, थे आता नागपूरवाले ठरवतीन.”

“कोनं लिह्यला थो?”

“कचेरीनं,” चाचा म्हणाले, आणि शिक्क्याच्या डबीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

उत्तमला वाटलं, सांगून टाकावं त्यांनी. नाव घेऊन सांगावं. हे असं झाकण लावणं त्याला सहन होईना, आणि सांगितलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचा त्याला जास्त राग आला. तेवढ्यात सोजराबाईंनी त्याला ओळखलं.

“तू शेषरावचा उत्तम नं? बरं झालं बाप्पा, आपल्या गावचं मानूस हाये इथं.” त्या सरकत त्याच्या टेबलापाशी आल्या. “दोन वर्सं खोटं सांगतलं म्हन्ते त्याहिनं. काऊन सांगतीन थे खोटं? माही सासू सांगे, मानमोडीच्या साथीत तिचं पयलं लेकरू गेलं, त्याच्या तिसऱ्या वर्साले हे झाले. लेकराचं मरन माय इसरते का, सांग तूच.”

मानमोडीची साथ १९१८ ची; उत्तमनं मनातल्या मनात तीन मिळवले.

“अन् शाळेचं म्हनशीन तं त्याहिचे हातच लांब. पाचवं सरलं नव्हतं तं हात कानाखाली गालावर आला. गुरुजी म्हने, सात वर्साचा हाये हा. तुले तं मालूम हायेत त्याहिचे हात.”

मालूम होते. निंबाच्या फांदीत अडकलेली विटी पंजाबराव टाचासुद्धा न उचलता काढून देत. त्यांच्या सदऱ्याची बाही मनगटापर्यंत कधी पोचलीच नाही. शिंप्याला दोष देऊन देऊन ते थकले आणि शेवटी बाह्या दुमडूनच वावरू लागले. आणि सगळ्यात वाईट हे की शाळेत बसून १९१९ उतरवून घेताना त्या दुमडलेल्या बाह्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या होत्या. आल्या होत्या, अगदी स्पष्ट, आणि मी त्यांना म्हटलं होतं, थांबा जरा, मला हे लिहू द्या... कुठलातरी एक कागद माझ्या नावाचा असू द्या.

तो उठला आणि साहेबांच्या खोलीत गेला.

“साहेब, मले — ”

“मला,” साहेब वर न बघता म्हणाले. सहा आठवडे हेच चाललं होतं.

“मला पंजाबरावांच्या फायलीबद्दल सांगायचंय. माझा शेरा बरोबर नाही. शाळेतली तारीख अंदाजाची असते.”

“शाळेचं रजिस्टर खोटं?”

“खोटं नाही, अंदाजाचं. म्हणजे मुलाचा हात...” सांगता येईना तेव्हा त्यानं करून दाखवलं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. साहेबांनी चष्मा काढला आणि ते हसले, वाईट नव्हे, मनापासून; घरी गेल्यावर जेवताना सांगायला एक गंमत मिळाली असं. उत्तमच्या मानेवर घाम आला, पण हात तिथंच राहिला.

“आणि यावरून माणसाचं वय ठरतं?” साहेबांनी समोरचा दाखला उचलला. “यात तुमची जन्मतारीख आहे, एक जुलै चव्वेचाळीस. हीही अशीच का? तसं असेल तर आत्ताच सांगा. खोट्या तारखेवर मी सही करणार नाही.”

पंख्याचा आवाज. खिडकीबाहेर टांग्याच्या घोड्याला कुणीतरी शिव्या देत होतं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, कॉलेजचा प्रवेश, फी-माफीचा अर्ज, उद्या नोकरीसाठी जो करायचा तो अर्ज... सगळ्यांवर तीच तारीख, बापानं कोपराला रेटा देऊन मिळवलेली.

“माझी बरोबर आहे, साहेब.”

“मग त्यांचीही बरोबर आहे.” साहेबांनी सही केली, शाई टिपली आणि दाखला पुढं केला. “चांगलं काम केलंत. आता कच खाऊ नका. आणि तो हात खाली घ्या.”

बाहेर आल्यावर सोजराबाईंनी मान वर केली. “काय म्हन्ते सायेब?”

“पाहतो म्हने.”

हे खोटं इतकं सहज आलं की तो स्वतःच चमकला. दाखला खिशात होता, चार घड्या घातलेला. राग आला होता, पण आता तो कुणावर काढावा हे कळेना. साहेबांवर काढावा तर ते सरळ वागले होते. बापावर काढावा तर तो बिचारा पोराचं एक वर्ष वाचवत होता. गुरुजी तर मरून गेले. फिरून फिरून राग माझ्याच दाराशी येऊन बसत होता, आणि त्याला उठवून लावायला माझ्याजवळ काही नव्हतं.

गनी चाचांनी फायलींचा गठ्ठा जवळ ओढला होता, पण फीत बांधलेली नव्हती. “बीस मिनट हायेत,” ते म्हणाले, उत्तमकडे न बघता. “काई जोडाचं असीन तं आत्ताच जोडून घे. बाद में माह्या हातात काई नाही.”

तो टेबलाशी बसला. कोरा कागद घेतला. सरकारी कागद कसा सुरू करतात हे तेवढं त्याला आता नीट येत होतं. ‘मी, उत्तम शेषराव, राहणार पिंपळगाव राजा, धंदा विद्यार्थी, वय वर्षे’ — आणि टाक थांबला.

वीस लिहिलं तर शाळेतल्या तारखा अंदाजाच्या असतात हे पुढचं सगळं लिहिण्यात काय अर्थ? एकोणीस लिहिलं तर खिशातला दाखला... आणि तेही खरं कशावरून? अठरासुद्धा असेल. मी किती वर्षांचा आहे? दुसऱ्याच्या वयातली दोन वर्षं मी पकडून दिली, आणि माझं मला विचारलं तर एका अंगणात पणत्या दिसतात, साल दिसत नाही. खांद्यात ती जुनी कळ होती, किंवा मघाशी हात फार वेळ वर राहिल्यामुळं असेल. त्याला हसू आलं नाही, रडूही आलं नाही; नुसतं उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यात फारसं वाईट काही नव्हतं.

“काकू,” तो म्हणाला. गावातून निघाल्यापासून या कचेरीत त्यानं आवाज असा मोकळा कधी काढला नव्हता. “मी कोनत्या साली झालो, तुमाले मालूम हाये का?”

सोजराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वेळ काय आणि हा पोरगा विचारतो काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, पदर सावरला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला.

“थांब, सांगतो. तुह्या मायचे दिवस भरत आल्ते तवा आमची लाल गाय जनली, अन् लाल गाय घेतली थे तं माह्या लग्नाच्या...”

चार वाजायला दहा मिनिटं होती. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. टाक ‘वय वर्षे’पुढं तसाच धरून तो त्यांच्या अंगठ्याकडे बघत होता, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर जाणाऱ्या, आणि त्या जे सांगतील ते आपण लिहिणार की नाही हे त्याला अजून कळलं नव्हतं.