अडकित्त्यानं फोडलेली झाळ

मी गंगेचा गडू बोलतोय. देवासच्या एका मराठा सरदाराच्या देवघरात, बाळकृष्णाशेजारी माझी जागा. येणारीजाणारी माणसं मला हळदकुंकू वाहतात, ‘विलायतेला जाऊन आलेली गंगा’ म्हणून कपाळ टेकतात. टेकू नका हो! माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे.

माझा जन्म काशीचा. तांबटानं मला ठोकून घडवलं, गंगेचं पाणी भरलं आणि तोंडावर झाकण ठेवून कथील वितळवून सांध्याला पक्की झाळ दिली. यात्रेला आलेल्या धारच्या इंदिराबाईंनी मला घेतलं. महूपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं, सगळी वाट त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सन एकोणीसशे अकरात त्यांचे जावई, देवासचे उदाजीराव, यांच्या पोटात गाठ झाली. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. विलायतेला नेऊन कापायची ठरली. बरोबर पत्नी कुसुमावती आणि इंग्रजी शिकलेले धाकटे बंधू भैयासाहेब. निघताना इंदिराबाईंनी मला लेकीच्या ओटीत घातलं.

“कुसुम, हा फक्त अखेरच्या घडीला हो. त्याआधी झाळीला हात लावायचा नाही. आणि देव करो, हा जस्साच्या तस्सा परत येवो.”

आमच्याकडं माणूस आजारी पडला की अर्धा गोतावळा उशाशी बसतो. दुखणाइताला श्वास घ्यायला जागा नसली तरी चालेल, पण तो एकटा पडता कामा नये. तिथल्या इस्पितळात मात्र दुपारी दोन ते चार भेट. घंटा झाली की बाहेर! पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सा पाहून तर कुसुमावती पहिल्या दिवशी हबकल्याच. “अगं बाई, आजाऱ्याभोवती इतक्या विधवा!”

गाठ काढली. सातव्या दिवशी शेजारच्या खाटेभोवती नर्सनं पडद्याच्या चौकटी उभ्या केल्या. थोड्या वेळानं त्यातून डोक्यापर्यंत चादरीनं झाकलेलं माणूस बाहेर नेलं. कुसुमावतींनी माझ्याभोवती बोटं अशी आवळली की मला ती अजून जाणवतात.

आठव्या दिवशी त्याच चौकटी उदाजीरावांच्या खाटेभोवती आल्या.

भैयासाहेब खाली डॉक्टरांकडं गेले होते. विचारणार कुणाला? नर्स गरम पाणी आणायला वळली. कुसुमावतींनी चंचीतून अडकित्ता काढला, त्याचं टोक माझ्या झाळीत खुपसलं. कट्कन आवाज झाला. त्यांनी वाळलेलं तुळशीपान नवऱ्याच्या ओठांवर ठेवलं आणि मला कलतं केलं.

उदाजीराव झोपले होते. त्यांनी डोळे उघडले. आधी पाणी गिळलं, मग मला पाहिलं.

“गडू फोडलास?” एवढंच बोलले.

तोच भैयासाहेब हसत आत आले. “वहिनीसाहेब, घबराहट संपली! दादासाहेब धोक्याबाहेर आहेत. आज जखम धुणार, म्हणून पडदा लावलाय.”

मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. हसू ओठांवरच राहिलं.

दोघांनी परोपरीनं समजावलं. कुसुमावतींनी पाय धरले, “चूक झाली हो, मी पडद्याला भ्यायले.” उदाजीराव मान हलवत राहिले. “आमच्या वडिलांना, आबासाहेबांनाही आम्ही शेवटपर्यंत हेच सांगत होतो,” ते म्हणाले. “बरे व्हाल, बरे व्हाल. मला ठाऊक आहे कसं सांगतात ते.”

त्यांनी दूध सोडलं. भिंतीकडं तोंड केलं. ताप चढला आणि पाचव्या दिवशी खरोखरच घरघर लागली. डॉक्टर म्हणाले, जखम पिकली. असेल. मला मात्र ती ‘कट्’ ऐकू येत होती.

आणि आता गंगा हवी होती, तर मी कोरडा! त्या दिवशीच्या धांदलीत उरलेलं पाणी गादीवर सांडलं होतं. कुसुमावतींनी मला उपडं करून दाखवलं. नर्स भली होती. बाईला पाणी पाहिजे एवढंच तिला कळलं. तिनं मला नळाखाली धरलं आणि भरून आणलं. कुसुमावतींनी तेच पाणी पाजलं. तोंडानं ‘गंगा, गंगा’ म्हणत होत्या. भैयासाहेबांनी खिडकीकडं पाहिलं.

उदाजीराव गेले. देवासला परतल्यावर घरच्यांनी गडू मागायच्या आत भैयासाहेबांनी तांबटाकडून मला झाळ देऊन आणली. उरलेल्या नळाच्या पाण्यासकट! ‘अखेरच्या घडीला पाजून उरलेली गंगा’ असं घरात सांगितलं. वेळेआधी गडू फोडला, हे सांगायची दोघांची छाती झाली नाही.

याला तीन वर्षं झाली. काल धारहून माणूस आला. इंदिराबाईंनी अंथरूण धरलंय. जीभ जड झालीय, तरी निरोप स्पष्ट आहे: “मी काशीहून आणलेला माझा गडू घेऊन ये.”

आज धारच्या वाटेवर कुसुमावतींच्या मांडीवर मी आहे, शेजारी तोच अडकित्ता. मघापासून त्या माझ्या झाळीवरून बोट फिरवतायत. “आईला सांगू का रे?” त्यांनी मला विचारलं.

माझं तोंड बंद आहे, बाई. तुमचं नाही. तेव्हा खाटेपाशी विचारायचं राहिलं, आता सांगायचं तरी राहू देऊ नका. त्या म्हातारीनं मला काशीहून मांडीवर आणलंय, तिला माझ्या हातून नळाचं पाणी पाजू नका.