काकू पोहोचल्या

दोन लॅपटॉप आणि माझ्या पर्समधली निळी तार, एवढ्यावर डेमो उभा राहतो. पण ती तार बघूनच ईशानला घाम फुटला.

"प्रतिमाताई, यार, वायफाय असताना केबल? क्लायंट काय म्हणेल?"

"क्लायंट म्हणेल, चालतंय," मी म्हटलं आणि तार खुपसली.

अहो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर दोन लॅपटॉप एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. ईशान पाऊण तास त्यावरच ते जोडून बघत होता. मी बावीस वर्षांपूर्वी नागपुरात फोनवरच्या निरोपांचे प्रोग्रॅम लिहीत होते, तेव्हा हा शाळेत पाढे म्हणत असेल. आता तो माझा मॅनेजर. असू दे. नवऱ्याच्या व्हिसावर अकरा वर्षं मला इथे अमेरिकेत काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली, आणि ईशानने मला तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं. आज ट्रायलचा शेवटचा दिवस. डेमो पास झाला तर नोकरी पक्की, नाहीतर थँक्यू व्हेरी मच. हे त्याने पार्किंगमध्ये गाडीतून उतरता उतरता सांगितलं, शहाण्याने!

डेमो होता अ‍ॅशबर्नमधल्या आजीआजोबांच्या एका डे सेंटरसाठी. रोज सकाळी व्हॅन त्यांना घरून आणते. कोण येणार, कोण नाही, हे ते फोनवर निरोप ठेवून सांगतात, आणि बिचारी रिसेप्शनिस्ट चाळीस निरोप ऐकत बसते. आमचा प्रोग्रॅम ते काम करणार. पहिला लॅपटॉप सर्व्हर. तो फोन उचलतो, निरोप साठवतो, त्याचे शब्द लिहून काढतो. दुसरा रिसेप्शनचा. त्यावर नावापुढे रंग दिसतो. हिरवा म्हणजे व्हॅन पाठवा, लाल म्हणजे पाठवू नका, निळा म्हणजे आजीआजोबा आपले आपण सेंटरवर पोहोचले. इंग्रजी निरोप दुसऱ्यांनी बसवले होते. मराठी माझं.

दहा वाजता प्रीता आली. सेंटरची डायरेक्टर, जन्म इथलाच, मराठी थोडं कळतं पण बोलते इंग्रजीत. इंग्रजी निरोप तिने स्वतः ठेवून पाहिले. तिन्ही रंग बरोबर. ईशान खुर्चीत रेलला.

"आता खऱ्या माणसाचा," प्रीता म्हणाली. "अहिल्याकाकूंचा निरोप यायचाय. त्यांना नवीन नंबर दिलाय."

पाचच मिनिटांत फोन आला. सर्व्हरने उचलला, निरोप घेतला, आणि काकूंच्या नावापुढे छान निळा रंग उमटला. पोहोचल्या.

प्रीताने खिडकीतून बाहेर बघितलं. मग हॉलमध्ये डोकावून आली. "कुठे आहेत?"

काकू नव्हत्याच. मी निरोप वाजवला. काकूंचा खणखणीत आवाज. "हॅलो, मी अहिल्या बोलतेय. आज काही जमायचं नाही बाई, गुडघा धरलाय. व्हॅन पाठवू नका." मागून काकांची हाक, "अगं, दूध उतू चाललंय!" आणि काकू ओरडल्या, "आले, आले!" खाड. फोन बंद.

मी माझे नियम उघडून बघितले. माणसं बोलता बोलता मत बदलतात, म्हणून शेवटचा शब्द खरा धरायचा, हा नियम माझा. आणि "आले" म्हणजे पोहोचले, हेही मीच लिहिलेलं. ऑफिसात बसून इंग्रजी शब्दांच्या तक्त्यावरून एकेक रूप भरत गेले, शाळेतल्या व्याकरणासारखं. घरी मी स्वतः दिवसातून दहा वेळा "आले, आले" म्हणते आणि सोफ्यावरून हलत नाही!

"म्हणजे उद्या काकू घरी पडल्या," प्रीता हळू आवाजात म्हणाली, "तरी तुमचं यंत्र मला सांगणार, त्या इथे आहेत."

ईशान पटकन पुढे झाला. "मराठी अजून एक्स्पेरिमेंटल आहे. ते आपण काढून टाकू. इंग्रजी एकदम सॉलिड आहे."

असा संताप आला म्हणून सांगू! "काढायचं कशाला? काकू बरोबर बोलल्या, यंत्राने बरोबर ऐकलं. चूक माझी आहे. दहा मिनिटं द्या."

ईशान डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होता. मी त्याच्याकडे पाठ केली. एकाच निरोपात "नाही" आणि "आले" दोन्ही असतील तर यंत्राने शहाणपणा करायचा नाही, पिवळा रंग दाखवायचा, आणि तो निरोप माणसाने ऐकायचा. नियम लिहिला, सर्व्हर बंद करून चालू केला, काकूंचा साठवलेला निरोप पुन्हा त्यातून काढला. नऊ मिनिटं लागली. पिवळा.

प्रीता रंगाकडे बघतच नव्हती. "पण त्या असं का म्हणाल्या? घरात असताना 'आले' का?"

"अगं, आम्ही असंच म्हणतो. उठायच्या आधीच. म्हणजे थांब जरा, येतेच आहे."

ती खुर्चीवर बसली. "माझी आजी साताऱ्याहून फोन करायची. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, आणि ती म्हणायची, 'आलेच हं बाळा.' मी रिसीव्हर टाकून दाराकडे पळायचे. मला वाटायचं, ती आली. दार उघडायचे, कोणी नाही. किती वेळा! मग मी तिच्याशी बोलायचंच सोडलं. मला वाटलं, आजी खोटं बोलते." तिने टेबलावरचा टिश्यू ओढला. "ती गेल्यालाही आता वीस वर्षं झाली."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "नाही गं. ती फक्त कुकर बंद करायला जायची. परत येऊन तुझ्याशी बोलायचं होतं म्हणून 'आलेच' म्हणायची."

प्रीताने डोळे पुसले आणि एकदम डायरेक्टरच्या आवाजात ईशानला म्हणाली, "मराठी राहू दे. मला दोन्ही भाषा हव्यात. आणि पिवळे निरोप काय म्हणताहेत ते ह्याच ठरवतील. त्या नसतील तर मला प्रोग्रॅम नको."

"ऑफकोर्स!" ईशान म्हणाला. "शी इज अवर लीड."

लीड, म्हणजे टीमची प्रमुख! पार्किंगमध्ये मी ट्रायलवर होते!

"ईशान," मी म्हटलं, "हे मेलवर लिही. आत्ता, इथेच. माझ्यासमोर."

त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मी हसले नाही. प्रीताही हसली नाही. मग त्याने फोन काढला आणि लिहायला घेतलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचत राहिले, आणि त्याने चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेला 'पर्मनंट' हा शब्द दुरुस्त करायला लावला.