लोबानाचा धूर आणि माझी पांढरी गाळणी

मित्रांनो, माझं वय सात. तुमच्यात सात वर्षांचं पोर दुसरीत असतं. आमच्यात सात म्हणजे कण्हत-कुंथत चालणारा म्हातारा. माझं नाव सीपॅप. झोपेत ज्याचा गळा आतून मिटतो आणि श्वास अडतो, त्याच्या नाकावरच्या मुखवट्यात मी रात्रभर हवा भरत राहतो. तेवढ्यानं गळा उघडा राहतो. दिसायला मी पावाच्या लादीएवढा, करडा, एका अंगाला लांब नळी आणि पाठीमागे एक छोटं झाकण. माझी सगळी कहाणी त्या झाकणामागे घडली, म्हणून ते ध्यानात ठेवा.

झाकणामागे दोन गाळण्या बसतात. पुढे काळ्या स्पंजचा तुकडा असतो, तो आठवड्याला धुवायचा. त्याच्यामागे काडेपेटीहून लहान, कागदासारखी पांढरी गाळणी. ती धुवायची नाही. महिना झाला की फेकायची आणि नवी घालायची. मी खोलीतली हवा पाठीतून ओढतो, आणि या दोघींमधून गेल्यावरच ती माणसाच्या छातीत जाते. त्या तुंबल्या की मी धापा टाकतो आणि माणसाला हवा कमी पडते. यात समजायला अवघड असं काहीच नाही, आणि तरी जे व्हायचं ते झालंच.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून जहाजावर, जहाजातून वाळवंटी अरब मुलखातल्या सलालाच्या बंदरात आणि तिथून दवाखान्याच्या कपाटात, असा माझा प्रवास. कपाटातून मला बाहेर काढलं ते बद्रियानं. ती श्वासाची यंत्रं सांभाळणारी तंत्रज्ञ, जवळच्या मिरबात गावची पोर. तिच्यासमोर खुर्चीत मावत नव्हता असा एक माणूस बसला होता. तो बखीत.

बखीत पाण्याचा टँकर चालवायचा. किनाऱ्यावरून पाणी भरायचं, डोंगर चढायचा आणि पलीकडच्या वाळवंटात उंटवाल्यांच्या हौदांत ते ओतून यायचं. पंचवीस वर्षं हेच काम. पण घरी झोपेत त्याचा श्वास तासाला चाळीसदा अडायचा, त्यामुळे झोप कसली ती त्याला मिळतच नसे. मग ती दिवसा हिशेब मागायची. एकदा उतरणीच्या वळणावर डोळा लागला आणि टँकर कठड्याला घासत गेला. वाचला, नशीब. मालकानं किल्ल्या काढून घेतल्या आणि इलाज करून आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलं.

बद्रियानं त्याला सगळं नीट समजावलं. स्पंज कसा धुवायचा, पांढरी गाळणी कशी बदलायची, पाकिटात पाच आहेत, संपल्या की याच रस्त्यावरच्या दुकानात मिळतील. तो मान डोलवत होता. शेवटी ती म्हणाली, "आणि काका, याच्याजवळ लोबान जाळू नका. धूर थेट गाळणीत जाऊन बसतो."

बखीत हसला. "पोरी, मिरबातमध्ये लोबानाशिवायचं एक घर दाखव मला."

"निदान त्या खोलीत तरी नको. मावशींना सांगाल ना?"

"सांगतो की."

मी टेबलावरच होतो, मी हे ऐकलं. मित्रांनो, हा एक शब्द मी आजवर उरात घेऊन बसलोय.

घरी दोघंच. बखीत आणि त्याची बायको तुफूल. मुलगी नुवैर लग्न होऊन मस्कतला. तुफूल नवऱ्याला बू नुवैर म्हणायची, म्हणजे नुवैरचा बाप. गावात सगळ्या बायका अशीच हाक मारतात. बाई बारीक, जिभेची तिखट आणि हाताची चपळ. तिनं मला पलंगाशेजारच्या तिवईवर ठेवलं, खाली भरतकाम केलेला रुमाल अंथरला आणि म्हणाली, की या घरात घोरणारे आता दोन झाले.

पण बखीतला मी काही रुचलो नाही. मुखवट्याला रबराचा वास येतो, तोंडावर चप्पल बांधून झोपल्यासारखं वाटतं, अशी त्याची कुरकुर. चौथ्या दिवशी मी पलंगाखाली गेलो. तुफूल हवालदिल झाली. नवऱ्याच्या उतरणीची तिला धास्ती होती. टँकर फाटकात शिरल्याचा आवाज आल्याशिवाय ती घास गिळत नसे. दिवसभर तिनं विचार केला आणि संध्याकाळी फडताळातून एक बरणी काढली.

त्या बरणीत तिच्या वडिलांच्या झाडांचा लोबान होता. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. डोंगरापलीकडच्या ओढ्याकाठची ती झाडं डिंक पाझरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं चिरली होती आणि शेवटच्या हंगामातला हिरवट, काचेसारखा लोबान लेकीला दिला होता. ईदेलासुद्धा ती तो काढत नसे. तिनं धुपाटण्यात निखारे घातले, वर दोन खडे टाकले, मला पलंगाखालून काढलं आणि धुपाटणं नेमकं माझ्या पाठीशी ठेवलं.

"आता लाव बघू तोंडाला," ती म्हणाली. "रबराचा वास आला तर मला सांग."

बखीतनं मुखवटा हातात घेतला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं बोलायला तोंड उघडलं, बरणीकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. तुफूल गुडघ्यांवर बसून निखाऱ्यांना फुंकर घालत होती, डोळ्यांत धूर गेल्यामुळे पाणी आलं होतं. तो म्हणाला, "छान वास येतोय." आणि मुखवटा लावून झोपला.

खरं सांगू का? झोपला तो असा झोपला, की सकाळी तुफूल त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती. पंचवीस वर्षांत तिनं असा शांत श्वास ऐकला नव्हता.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे. बखीतचा चेहरा उजळला, चहा पिता पिता मान टाकायची सवय गेली, किल्ल्या परत मिळाल्या. मशिदीच्या ओट्यावर लोक त्याला विचारायचे की म्हाताऱ्या, दुसरं लग्न केलंस की काय. शेजारणी मला बघायला यायच्या. तुफूल दर संध्याकाळी माझ्या पाठीशी लोबान जाळायची आणि मी तो सुवास मुकाट्यानं आत ओढायचो. मलाही कौतुकाची चटक लागली होती, लपवत नाही.

पांढरी गाळणी मात्र महिनाभर टिकेना. दहा-बारा दिवसांत ती चहाच्या रंगाची व्हायची, मग तपकिरी, मग चिकट काळी. तुफूलला आधी वाटलं, ही असलीच असते. ती शुक्रवारी काळा स्पंज धुवायची आणि पांढरी मळली की नवी घालायची. दोन महिन्यांत पाकीट संपलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, दुकानातून आण. तो हो म्हणाला. पण त्या दुकानासमोर टँकर उभा करायला जागा नाही, मग पुढच्या फेरीला, मग परवा. गंमत बघा, टँकरच्या इंजिनची गाळणी तो दर आठवड्याला काढून, आपटून, हवेच्या नळीनं फुंकून साफ करायचा. डोंगरावरची धूळ इंजिन खाते, हे तो पोरासोरांना शिकवायचा. स्वतःच्या उशाशी बघायला त्याला सवड नव्हती.

तुफूलनं शेवटची गाळणी साबणानं धुतली, चिमटा लावून दोरीवर वाळत घातली आणि परत बसवली. ती पापडासारखी कडक झाली होती. कडेनं फट राहिली, तिथून धूर आणि धूळ माझ्या पोटात जाऊ लागली. माझा आवाज चढला. माझ्या पडद्यावर गाळणी बदलण्याची खूण उमटायची. तुफूलला ती वाचता येत नसे, आणि बखीत मोबाइलचा गजर बंद करावा तसा बटण दाबून ती घालवायचा. मी रोज सांगत होतो, मित्रांनो. पण माझं सांगणं म्हणजे बोटभर जागेतला एक ठिपका. त्याला कोण भीक घालणार?

बखीतचं नाक चोंदायला लागलं. खोकला सुरू झाला. झोपेतच तो मुखवटा ओरबाडून बाजूला टाकायचा, आणि मी उशीवर नुसतीच हवा सोडत पडायचो. सकाळी डोकं दगड, डोळे लाल. तुफूल घाबरली. एवढं सगळं चांगलं चाललेलं, गावभर कौतुक झालेलं. तिच्या मते याला एकच कारण होतं. दृष्ट लागली. आणि दृष्टीवर तिच्या आईपासून, आजीपासून चालत आलेला एकच उपाय होता, छातीच्या दुखण्यावरही तोच. ती आता सकाळ-संध्याकाळ लोबान जाळू लागली. खडेही दोनाचे पाच झाले. धुपाटणं नवऱ्यावरून ओवाळायची, मग माझ्यावरून, मग माझ्या पाठीशी ठेवायची. मनापासून करायची हो. तिच्या हातानं माझा गळा आवळला जात होता आणि मला तिचा राग येत नव्हता.

एका सकाळी निघताना बखीत दारात थांबला. खोकून झाल्यावर म्हणाला, "तुफूल, परत आल्यावर तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांग की."

"आल्यावर. चिडशील तू."

"कशाबद्दल ते तरी?"

"तुझ्या लोबानाबद्दल," असं म्हणून तो हसला आणि गेला.

तो उंटवाल्यांच्या हौदापर्यंत पोचला, पाणी ओतलं, परत फिरला. उतरणीच्या वळणावर रिकामा टँकर सरळ गेला. कठडा तोडून खाली. बखीत जागच्या जागी गेला. भर दुपार होती. लोकांनी धुक्याला दोष दिला, त्या दिवसांत डोंगरावर धुकं असतंच. पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरनं ओसरीत बसून पुरुषांना सांगितलं ते मला खिडकीतून ऐकू आलं. धुकं नव्हतं, आभाळ लख्ख होतं, आणि त्यानं ब्रेक लावलाच नाही.

तिसऱ्या दिवशी बद्रिया भेटायला आली. बायका बसल्या होत्या त्याच खोलीत मी तिवईवर होतो. सवयीनंच तिचा हात माझ्या पाठीकडे गेला, झाकण उघडलं. काळा स्पंज स्वच्छ होता, शुक्रवारीच धुतलेला. मागची गाळणी तिनं नखानं उचकटून काढली. तिला गाळणी म्हणवत नव्हतं. जळक्या भाकरीचा पोपडा म्हणा. तुफूलनं हात पुढे केला, ती घेतली आणि नाकाला लावली.

"याला माझ्या बाबांच्या झाडांचा वास येतोय," ती म्हणाली.

मग ती बद्रियाकडे वळली.

"लोबानानं झालं हे?"

"मावशी, मी काकांना सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

तुफूलनं तो तुकडा मुठीत धरला. मग अगदी सावकाश म्हणाली, "त्याला वाटलं, मला वाईट वाटेल. वाटलंच असतं. दोन दिवस बोलले नसते मी त्याच्याशी. बस, इतकंच झालं असतं ना?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतं.

चौथ्या दिवशी मस्कतहून नुवैरनं आईच्या सांगण्यावरून आधीच धाडलेलं पार्सल आलं. दहा पांढऱ्या गाळण्या. तुफूलनं त्यातली एक स्वतःच्या हातानं मला बसवली.

त्यांच्याकडे नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. अत्तर नाही, काजळ नाही, धूप नाही. धुपाटणं पालथं घालून फडताळात गेलं. त्या घराला इतकी स्वच्छ हवा कधी मिळाली नव्हती, आणि ती घ्यायला माणूस उरला नव्हता. माझ्या घरघरीशिवाय तुफूलला झोप लागेना. म्हणून ती झोपताना मला चालू करायची, मुखवटा शेजारच्या उशीवर ठेवायची. मी चार महिने दहा दिवस त्या रिकाम्या उशीला हवा पुरवली.

मुदत संपली त्या दिवशी तिची बहीण पेटतं धुपाटणं घेऊन आली, रीतच आहे ती. तुफूलनं तिला अंगणातच थांबवलं. आत येऊन माझं झाकण उघडलं आणि गाळणी काढून उजेडात धरली. चार महिन्यांची ती गाळणी नवीपेक्षा जराशी करडी होती. बस, इतकंच. तेव्हा तुफूल जमिनीवर बसली आणि रडली. तोवर धुराशिवाय तिच्या डोळ्याला पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला तिनं बद्रियाकडे दिलं. पोट साफ झालं, नवी नळी, नवा मुखवटा लागला, आणि आता मी याच गावात एका कोळ्याच्या उशाशी आहे. त्याच्या बायकोला तुफूलनं पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, "लोबान अंगणात जाळायचा, या खोलीत नाही. राग आला तरी चालेल मला." ती बाई रागावली, आठवडाभर तिनं सलाम केला नाही. कोळी अजून जिवंत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या उशाशी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या पाठीमागचं झाकण आज उघडून बघा. स्पंज धुवा, नीट वाळवा. पांढरी गाळणी धुवू नका, मळली की फेका, आणि पाकीट संपायच्या आधी दुसरं आणून ठेवा. आणि घरातल्या कोणाला काही सांगायचं असेल, त्याला वाईट वाटणार असेल, तर दारात उभे असाल तेव्हाच सांगा. परत आल्यावर सांगतो म्हणून निघून जाऊ नका. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुफूल इथे येते, चहाही घेत नाही, नुसतं माझं झाकण उघडते, बघते, लावते आणि जाते.