मैदान चाळीस सेंटिमीटरनी कमी

शनिवारी सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी मैदान चाळीस सेंटिमीटरनी कमी भरलं.

मुलींच्या फुटबॉल लीगचे तपासनीस गोलरेषेवर उकिडवे बसले होते. निवृत्त व्यायामशिक्षक, वय चौसष्ट, गळ्यात शिट्टी, हातात पन्नास मीटरची पोलादी टेप. त्यांनी लांबी दोनदा मोजली. दोन्ही वेळा एकोणऐंशी मीटर साठ सेंटिमीटर आली. चौदा वर्षांखालच्या गटाला किमान ऐंशी मीटर लागतात. संघाने पाठवलेल्या अर्जात ऐंशी मीटर पंचवीस लिहिलं होतं.

"हे माप कोणी घेतलं?" त्यांनी विचारलं.

पंधरा मुली, त्यांची प्रशिक्षक आणि पंपघराचे काका, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच बाईकडे पाहिलं.

"मी," टेलरमावशी म्हणाल्या.

टेलरमावशींचं शिवणकामाचं दुकान जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकासमोर आहे. त्यांची मुलगी संघाची गोलकीपर. हातपाय लांब आणि अंगावर मांस नाही, म्हणून तिला सगळे काडी म्हणतात, आईसुद्धा. मैदान केंद्राच्याच आवारात आहे, पंपघराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. प्रशिक्षक, जिला मुली ताई म्हणतात, केंद्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते आणि ड्यूटी सुटली की बूट बदलून खाली उतरते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ताई प्रयोगशाळेत अडकली होती, भांडारातली लांब टेप कुलपात होती आणि किल्ली ज्याच्या खिशात होती तो रजेवर होता. गळ्यात मापाची पट्टी घालून फिरणारं माणूस त्या रस्त्यावर एकच. ताईने फोन केला. मावशींनी दुकान अर्धा तास बंद ठेवून मैदान मोजलं, आकडा सांगितला आणि ताईने तो अर्जात भरला.

तो आकडा चुकला तर काय होणार हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला पाठ होतं. मागच्या वर्षी या लीगमध्ये आठ संघ होते. यंदा बावीस झाले, एका गटाचे दोन वयोगट झाले आणि त्यांच्याबरोबर नवा नियम आला. ज्या संघाकडे स्वतःचं मैदान आहे त्याचे सामने जवळपासच्या संघांशी. ज्याच्याकडे नाही त्याचे सगळे सामने शहराच्या दुसऱ्या टोकाला, लीगच्या मुख्य मैदानावर, शनिवार-रविवार सकाळी सात वाजता. बसने सव्वा तास. ताईने पंधराही घरी जाऊन विचारलं होतं. सात घरांनी इतक्या लांब पाठवायला साफ नकार दिला. उरल्या आठ, आणि अकरा नावांशिवाय संघाची नोंद होत नाही. मैदान बाद म्हणजे संघ बाद, इतका सरळ हिशेब होता.

काडी त्या आठांपैकी होती. संघ निघाला आठ महिन्यांपूर्वी. त्याआधी तीन वर्षं ती पंपघराच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारायची आणि एकटीच अडवायची.

"कसं मोजलंत ते दाखवा जरा," तपासनीस म्हणाले. आवाजात राग नव्हता. कुतूहल होतं.

मावशींनी गळ्यातली पट्टी काढली. दीड मीटरची, कापडी, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या गवतावर बसल्या, पट्टी सरळ केली, शेवटच्या टोकावर डाव्या हाताचं बोट दाबून धरलं, पट्टी पुढे ओढली आणि बोटाच्या अलीकडच्या कडेपासून पुन्हा लावली.

"थांबा. हे बोट प्रत्येक वेळी असंच?"

"पट्टी हलू नये म्हणून. तीस वर्षं असंच धरते."

"आणि पट्टी बोटाच्या अलीकडून सुरू."

मावशींनी बोटाकडे पाहिलं. मग पट्टीकडे.

"किती वेळा लावलीत?"

"त्रेपन्न. वर पाऊण मीटर."

"बोट सव्वा सेंटिमीटरचं धरू. त्रेपन्न वेळा." तपासनिसांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. "पासष्टच्या आसपास. बरोब्बर तेवढीच तफावत आहे. म्हणजे तुमचं माप चोख आहे हो, फक्त बोटही मैदानात धरलंत."

दोघी मुली हसल्या आणि ताईने डोळे वटारल्यावर गप्प झाल्या.

"माझ्या गिऱ्हाइकांना पट्टी एकदाच लागते," मावशी म्हणाल्या. "दीड मीटरच्या पुढे माणूस मोजायची वेळच आली नाही कधी."

"आई, चाळीस सेंटिमीटर म्हणजे किती गं?" काडीने हळूच विचारलं.

"तुझ्या सहावीतल्या स्कर्टाची उंची."

"एवढंच?"

"एवढंच. गप्प बस."

ताई पुढे झाली. "सर, गोलरेषा अर्धा मीटर मागे घेतली तर?"

"मागे भिंत आहे, ताई. गोलरेषेपासून भिंतीपर्यंत दोन मीटर मोकळे सोडायचे असतात. पोरगी धावत आली की लगेच थांबत नाही. इथे दोनच आहेत, मी बघितलंय. तिकडच्या टोकाला रस्त्याकडची भिंत, तिथेही दोनच." त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून फॉर्म काढला. "मला वाईट वाटतंय. पण मागच्या वर्षी आठ मैदानं होती, यंदा बावीस आहेत, आणि माझे गुडघे तेव्हाही दोन होते आणि आताही दोनच आहेत. एकाला सूट दिली की एकवीस जण दारात उभे राहतील."

पंपघरातून पंपाची घरघर येत होती. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशी मात्र तिथे नव्हत्या. त्या गोलरेषेवरून चालत दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या होत्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, "सर, दोन मीटर त्या कोपऱ्यात आहेत. या कोपऱ्यात किती आहेत?"

"तेवढेच असणार."

"नाहीत. मोजा ना. तुमच्याच टेपने मोजा, माझ्या बोटावर आता कोण विश्वास ठेवणार?"

सर गेले. मोजलं. तीन मीटर सत्तर.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोजलं. तिथे उलटं निघालं. इकडे जो कोपरा ऐसपैस होता त्याच्या समोरचा कोपरा अडचणीत होता. दोन मीटर आणि तीन मीटर सत्तर.

"दोन्ही भिंती तिरक्या आहेत," मावशी म्हणाल्या. "आणि एकाच बाजूला झुकलेल्या. तुम्ही लोकांनी मैदान आखलं पंपघर बघून."

"पंपघर सरळ आहे म्हणून," ताई म्हणाली.

"पंपघर सरळ असेल. पण जागा पंपघराची नाही, भिंतींची आहे. कापड तिरकं फाडून आलं असेल तर पेपर कटिंग सरळ ठेवून चालत नाही, दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोण वाया जातात. कटिंग फिरवायचं, मग पुरतं. थोडंसं फिरवा. गोलरेषा भिंतीच्या रांगेत आणा."

तपासनिसांनी भिंतीकडे पाहिलं. मग वळून पंपघराकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"बाई, मी अडतीस वर्षं मैदानं आखली."

"मग?"

"मग काही नाही. दोरा आणा."

सात पंचावन्न झाले होते. पुढचं मैदान तपासायला सरांना दहा वाजता पोचायचं होतं. त्यांनी सव्वानऊपर्यंत थांबायचं कबूल केलं. काडी रस्ता ओलांडून दुकानात गेली आणि जाड दोऱ्याची चार रिळं घेऊन आली, एक लाल, तीन खाकी. पंपघराच्या काकांनी जुन्या रेषा पुसायला पाण्याचा पाइप जोडला. "पाण्याला आपल्याकडे काय तोटा," असं म्हणून त्यांनी तो इतका सोडला की उजव्या कोपऱ्यात डबकं झालं, आणि ताईने त्यांना अर्धा तास तरी पाइपला हात लावू नका म्हणून सांगितलं.

"हे बरं आहे," काका म्हणाले. "पाणीही माझं आणि बोलणीही मलाच."

आठ-आठ मुलींनी गोलचे सांगाडे उचलले. पंधरात दोनदा आठ होत नाहीत म्हणून दुसऱ्या गोलला मावशींनी खांदा लावला. कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, दोरे ताणले. तपासनिसांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घेतली. दोन्ही तिरपी मापं सारखी आली तरच चारही कोपरे काटकोनात, हे त्यांनी मुलींना समजावून सांगितलं आणि मग ती दोन सेंटिमीटरनी वेगळी आली म्हणून स्वतःच एक खुंटी उपटली. मावशी दोऱ्यामागून एक डोळा मिटून बघत होत्या आणि "जरा आत. तेवढं नाही गं. तुझ्या नखाएवढं," असं म्हणत होत्या. ताईने फक्कीची पिशवी घेतली आणि दोऱ्यावरून पांढरी रेघ ओढत निघाली.

काडी नव्या जागी गोलमध्ये उभी राहिली. "आई, मला गोल तिरका दिसतोय."

"गोल सरळ आहे. पंपघर तिरकं आहे."

"काल तर सरळ होतं."

"काल तू पंपघराकडून बघत होतीस."

नऊ वाजून पाच मिनिटांनी तपासनिसांनी टेप लावली. लांबी ऐंशी मीटर पन्नास. रुंदी पन्नास मीटर. गोलरेषांच्या मागे चारही कोपऱ्यांत दोन मीटरच्या वर. पंपघराच्या पायऱ्या बाजूच्या रेषेपासून पूर्वीपेक्षा जवळ आल्या होत्या, पण नियमात बसत होत्या. मुलींनी एवढा आरडाओरडा केला की पंपघराच्या खिडकीत ड्यूटीवरचा दुसरा माणूस येऊन उभा राहिला.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा सर बाकावर बसले आणि थोडे घुटमळले.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "अर्जात ऐंशी पंचवीस. मी आलो तेव्हा एकोणऐंशी साठ. आता ऐंशी पन्नास. फॉर्मवर मापाला एकच चौकोन आहे."

"मग शेवटचं लिहा," ताई म्हणाली. "आत्ताचं मैदान ते आहे. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही. पण अर्धंच आहे. अर्जातलं माप जागेवर चुकीचं निघालं तर काय करायचं याचा नियम आहे, मैदान बाद. त्याच सकाळी मैदान फिरवून बरोबर केलं तर काय, याचा नियम नाही. आठ संघ होते तेव्हा असला प्रश्न कोणाला पडलाच नव्हता." ते पेन बोटांत फिरवत होते. मनात त्यांच्या काय होतं ते स्पष्ट दिसत होतं. कोणी आग्रह केला असता तर त्यांनी एकच आकडा लिहिला असता.

ताई आग्रह करायला तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "सर, तिन्ही लिहा."

"आई!" काडी म्हणाली.

"मावशी, अहो, संघ जाईल," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मैदान बरोबर आहे आता. कशाला उगाच पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"उद्या दुसऱ्या संघातलं कोणी म्हणालं, यांचा अर्ज वेगळा आणि मैदान वेगळं, की बोट पोरींकडे जाईल. पोरींनी काही केलेलं नाही. चूक माझी आहे, ती माझ्या नावाने राहू दे." त्या सरांकडे वळल्या. "शेरा लिहायला जागा आहे ना? लिहा. पहिलं माप टेलरने घेतलं, बोट धरून घेतलं, म्हणून चुकलं. मग जागेवर दुरुस्त केलं. मी खाली सही करते."

काडीने ग्लोव्ह्ज काढले आणि पुन्हा घातले. ताई दुसरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोट धरून असं नका लिहू, सर. हसतील लोक."

"हसू देत," मावशी म्हणाल्या. "हसणारा माणूस सहसा नकार देत नाही."

सरांनी शेरा सहा ओळींत लिहिला. तिन्ही मापं लिहिली, वेळा लिहिल्या. सातव्या ओळीत 'सध्याचं मैदान सर्व मापांत योग्य, मंजुरीची शिफारस' असं लिहून सही केली. मावशींनी खाली सही केली. मग ताईने फॉर्म मागून घेतला आणि कोणी सांगितलं नसताना मावशींच्या सहीशेजारी आपलीही केली. नऊ वाजून बावीस मिनिटांनी सर स्कूटरवरून गेले. जाताना म्हणाले, की त्यांना एकट्याला ठरवायचं असतं तर त्यांनी इथेच ठरवलं असतं.

त्यानंतर मुली दीड तास खेळल्या. नव्या मैदानात पहिल्या दहा मिनिटांत तिघींनी चेंडू जुन्या सवयीने बाहेर मारला. काडीने एक पेनल्टी अडवली आणि दुसरी सोडली. अकराला मावशींनी दुकान उघडलं; एका नवऱ्या मुलीचं माप घ्यायचं होतं, ती दहा वाजल्यापासून दुकानाच्या पायरीवर बसून फाटकातून खेळ बघत होती. तिने मावशींना विचारलं, तुमच्या संघात मोठ्या बायकांना घेतात का. मावशी म्हणाल्या, अजून तरी नाही, पण लीग ज्या वेगाने वाढतेय ते बघता दोन वर्षं थांबा. आणि हात वर करा, छाती मोजायची आहे.

रविवारी तपासनिसांचा फोन आला. त्यांनी आणखी तीन मैदानं तपासली होती. इथल्यासारखंच त्यांतल्या एका मैदानाचं माप अर्जाशी जुळलं नव्हतं आणि तिथेही जागेवर दुरुस्ती करून द्या म्हणून लोक मागे लागले होते. त्यामुळे हा मुद्दा आता एका संघाचा राहिला नव्हता, असं ते म्हणाले. हे चांगलं की वाईट, असं ताईने विचारलं. ते मंगळवारी समिती ठरवेल, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी साडेचारला लीगच्या समितीची बैठक सुरू झाली. कार्यक्रमपत्रिकेवर बारा विषय होते आणि मैदानांच्या मापाचा विषय नववा होता. पाच वाजता पंधराही मुली सरावाला आल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी तपासनिसांचा मेसेज आला: सातवा विषय चालू आहे.