कच्चं पाणी

मासे येण्याआधी महिनाभर त्या घरात नुसतं पाणीच पाळलं होतं, आणि त्यावरून नणंदेच्या थट्टेला ऊत आला होता. टीव्हीच्या शेजारी काचेची ऐसपैस टाकी, काठोकाठ भरलेली, वर दिवा, कोपऱ्यात फिल्टर गुळगुळतोय, आणि आत मासा म्हणाल तर औषधालाही नाही. "वहिनी, तुझं पाणी चावत तर नाही ना?" असं विचारत ती येईल त्याला टाकी दाखवायची. वहिनीही हसायची आणि सांगायची, पाणी अजून कच्चं आहे, पिकायला वेळ लागतो.

हा शब्द तिच्या बाबांचा. बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. जन्म उंच इमारतींच्या अंधाऱ्या खोबणीत आणि ग्रीसमध्ये गेला, पण घरी आले की कोपरापर्यंत हात घासून माशांसमोर बसायचे. त्यांचं म्हणणं, मासे कुणीही पाळेल, पाणी पाळता आलं पाहिजे. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची वस्ती असते, ती हे विष पचवते. ही वस्ती नव्या फिल्टरबरोबर फुकट येत नाही. जुन्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर विरजणासारखा लावायचा. नाहीतर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं, आणि नळीत थोडं पाणी घेऊन, त्यात रसायनाचे थेंब घालून तपासत वाट पाहायची. विष झालं की नळीतलं पाणी हिरवं दिसतं, वस्ती बसली की परत पिवळं. घाईत सोडलेला मासा स्वतःच्याच मुतात मरतो, असं बाबा चारचौघांत सांगायचे आणि आई होती तोवर तिची बोलणी खायचे.

बाबा गेले आणि मागे दोन म्हातारे गोल्डफिश राहिले. एकाचं पोट सुटलेलं, तो हवालदार. दुसऱ्याची शेपटी चिरलेली, तो फाटका. घर भाड्याचं, रिकामं करून द्यायचं होतं. त्यात फिल्टरची मोटर जळाली आणि स्पंज वाळून खडखडीत झाला, म्हणजे विरजणही गेलं. समोरच्या काकू रोज बादलीने पाणी बदलून त्या दोघांना कसंबसं तगवत होत्या.

हे दोन मासे तिला काही झालं तरी जगवायचे होते. बाबांच्या शेवटच्या दिवसांत ती त्यांच्याजवळ नव्हती. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. लॅबने दुसऱ्या गावात शाखा काढली आणि तिथली घडी बसेपर्यंत हिला आठवडाभर तिकडे राहावं लागे, सुरुवातीला तर रविवारीही सुटका नसे. नेमके त्याच काळात बाबा आजारी पडले. फार काही नाही, जरा दम लागतो, असं म्हणायचे आणि दोन वाक्यांत फोन ठेवून द्यायचे. पण नवरा रोज संध्याकाळी दुकान बंद करून त्यांच्याकडे जायचा आणि मग तिला फोन करायचा. आज दोन घास जास्त गेले. आज हवालदाराची चेष्टा करत होते. आज तुझी फार आठवण काढली. या बातम्यांवर ती तिकडे झोपायची. बाबा गेल्यावरही तिने मनाची समजूत घातली ती हीच, की आपण नव्हतो, पण आपलं माणूस रोज त्यांच्या उशाशी बसत होतं. तेवढ्या आधारावर तिने पुढचं आयुष्य काढलं असतं.

आता या नवऱ्याविषयी. त्याचं पडद्यांचं दुकान होतं आणि सगळे त्याला साखरोबा म्हणायचे. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असेल ते त्याच्या जिभेवर आधीच तयार असे. सासुरवाडीत जावईबापूंचं कौतुक, सोसायटीत कौतुक, बायकोच्या मैत्रिणींत तर विचारूच नका. कडू बोलणाऱ्याच्या बायकोला निदान चार माणसं कीव करायला तरी मिळतात. गोड बोलणाऱ्याच्या बायकोला सगळे भाग्यवान म्हणतात, आणि तीही बिचारी मान डोलावते.

टाकी मांडली तेव्हा शाखेचं काम संपायला महिना होता. पाणी पिकवायचं काम साखरोबाने आपणहून अंगावर घेतलं. तिने त्याला सगळं दोनदा समजावलं. रोज चिमूटभर खाणं, एक दिवसाआड तपासणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं, मग डब्यावरच्या तक्त्याशी रंग जुळवायचा. तो म्हणाला, त्यात काय, पडद्यांचे रंग जुळवण्यात जन्म गेला.

आणि खरंच, त्याचे फोन येऊ लागले. आधी काही दिवस म्हणाला, पिवळंच आहे अजून. मग एकदा म्हणाला, आज जरा हिरवट वाटतंय गं, मला भास होतोय का? ती तिकडे हातातली कवळी तशीच धरून हसली. मग पोपटी झालं, मग गर्द झालं. एकदा तर तो काळजीने म्हणाला की उतरतच नाहीये, आपलं काही चुकलं का? तिनेच त्याला धीर दिला. रविवारी ती घरी असायची, पण दिवस बाबांच्या घरातली कपाटं आवरण्यात जायचा. संध्याकाळी थकून येऊन ती डबा उघडायला गेली की तो म्हणायचा, सकाळीच केलं, थेंब कशाला वाया घालवतेस? पाणी तर आरशासारखं दिसत होतं. शेवटी फोन आला, "आज स्वच्छ पिवळं. लिंबासारखं. आण आता तुझ्या माहेरच्या माणसांना."

शाखेचं काम संपवून ती आली, आणि रविवारी काकूंकडून झाकणाच्या बादलीत हवालदार आणि फाटका आणले. काकूंनी बादलीत डोकावून दोघांना सांभाळून राहा म्हणून सांगितलं. नणंदेनेही त्या दिवशी थट्टा केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. कल्ले लाल झाले होते. साखरोबा दुकानात निघून गेला होता. तिने घाईघाईने तपासणीचा डबा काढला, नळीत पाणी घेतलं, पहिली बाटली उघडायला गेली, तर झाकण फिरेना. झाकणाखालचं सीलचं प्लॅस्टिकचं कडं शाबूत होतं. दुसऱ्या बाटलीचंही.

आधी तिला वाटलं, हा दुसरा डबा असेल, पहिला संपला असेल. माणसाचं मन किती वकिली करतं बघा. तिने टाकीखालचं कपाट पाहिलं, स्वयंपाकघरातले खण पाहिले, कचऱ्याच्या पिशवीतही हात घातला. डबा एकच होता. मग तिने कडं कात्रीने तोडलं, मोजून थेंब घातले, नळी हलवली. दातांच्या पांढऱ्या रंगातल्या बारीक बारीक छटा ओळखण्याचा पगार घेणारी बाई ती. इथे छटा ओळखायची गरजच पडली नाही. नळी बाटलीच्या काचेसारखी हिरवीगार झाली.

तिने अर्धं पाणी बदललं. स्पंज काढून पाहिला, तो दुकानातून आणला तेव्हाच्याइतका कोरा होता. फाटका दुपारी गेला. हवालदार अजून कल्ले हलवत होता, त्याला बादलीत घेऊन ती मासेविक्याकडे गेली आणि त्याच्या जुन्या, पिकलेल्या टाकीत सोडून आली. जगेल का, असं तिने विचारलं. मासेविक्या म्हणाला, सांगता येत नाही ताई. त्या दिवसात तिला कुणी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं, आणि ते ऐकून ती रस्त्यात रडली.

संध्याकाळी साखरोबा आला. रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाला, अरे, मंडळी कुठे गेली? तिने टेबलावर दोन्ही बाटल्या आणि तोडलेली कडी ठेवली होती. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. शेजारी बसून त्याने तिचा हात हातात घेतला आणि सगळं कबूल केलं. खाणं पहिल्या दिवशी टाकलं होतं, पण ते तरंगायला लागलं, घाण दिसायला लागलं, म्हणून काढून टाकलं. तपासणीचं रोज उद्यावर गेलं. म्हणाला, तू तिकडे एकटी, इतक्या आशेने विचारायचीस, तुझा पडलेला आवाज मला ऐकवत नाही. आणि मासेच आहेत गं, दुसरे आणू.

"मग हिरवट वाटतंय, असं का म्हणालास?" तिने विचारलं. "पहिल्या दिवशीच पिवळं म्हणून मोकळा झाला असतास."

"तुला खरं वाटलं नसतं," तो अगदी सरळ म्हणाला. "डब्यावर तक्ता होताच."

तिने हात सोडवून घेतला. कंटाळा केला, विसरला, हे तिने एखादे वेळी पोटात घातलं असतं. पण याने थापेला चुण्या पाडल्या होत्या, अस्तर लावलं होतं. ती खोट्या हिरव्याला घाबरून याला धीर देत होती आणि हा तिकडून तो धीर ऐकून घेत होता. तिच्या अंगाचा संताप झाला. आणि त्या संतापाच्या तळाशी एक भीती होती, जी सकाळी ते कडं पाहिल्यापासून तिथेच बसली होती. आता विचारल्यावाचून तिला राहवेना.

"बाबांकडे रोज जायचास?"

"जायचो की."

तिने एक तोडलेलं कडं त्याच्यापुढे सरकवलं आणि बघत राहिली.

"रोज म्हणजे, दुकानात गर्दी असायची गं. फोन करायचो."

"उचलायचे?"

"कधी कधी."

"मग दोन घास जास्त गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

त्याने खिडकीच्या पडद्याची घडी नीट केली. "गेले असतीलच ना."

"प्रत्यक्ष किती वेळा गेलास?"

"एकदा." त्याचा आवाज अजूनही मऊच होता. "बेल वाजवली. दार उघडलं नाही. वाटलं, डोळा लागला असेल, आजारी माणसाला कशाला उठवायचं? आलो परत."

बाबा बुधवारी सापडले होते. सकाळी काकू त्यांच्याकडच्या किल्लीने आत गेल्या तेव्हा ते दाराकडे तोंड करून खुर्चीत होते. रात्रीच कधीतरी गेले असतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कधी गेला होतास? कोणता वार होता?"

"आता कसं आठवणार?"

"बाबा गेले त्याच आठवड्यात?"

"हो, त्याच आठवड्यात."

"मंगळवारी संध्याकाळी?"

त्याने तिचा चेहरा वाचला. गिऱ्हाइकाचा वाचायचा तसाच. "छे, छे. मंगळवार नक्की नाही."

"मग सोमवारी."

"हो, सोमवारच," तो सुटल्यासारखा म्हणाला.

"की गुरुवारी? मला वाटतं गुरुवार असेल."

"गुरुवारही असेल," तो म्हणाला. "हो, आता आठवलं. गुरुवारच होता."

गुरुवारी बाबा नव्हतेच. गुरुवारी त्या घरात ती दोघंच होती. बाबांचे शर्ट घडी करून तिच्या हातात देताना तो तिला सांगत होता, की शेवटपर्यंत हसत होते गं.