‘घरटी एक’ आणि तीन मिनिटांची मते

मी एक जुना कीबोर्ड आहे. काळा होतो, आता करडा पडलो आहे. वसईत पापडीच्या पलीकडे एका वाडीचे छोटे वाचनालय आहे, तिथे खिडकीशेजारच्या टेबलावर मी असतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा आपली थोरवी सांगतात. माझ्याजवळ तसे काही नाही. मला स्वतःचे म्हणणे तरी आहे का, याचीच मला शंका येते, कारण जन्मभर मी दुसऱ्यांचे म्हणणे पडद्यावर पोचवत आलो. पण सध्या मला राग आला आहे. तो योग्य आहे की नाही हे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला माहीत नाही. वाडीत आलो तेव्हा ग्रंथपाल उर्सुलाबाईंनी माझ्या कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. माझे पहिले काम होते वाचनालयातल्या चार हजार पुस्तकांची यादी टंकणे. त्यामुळे मला पुस्तकांची नावे पुष्कळ येतात. आत काय आहे ते एकाचेही येत नाही. याची मला लाज वाटते, म्हणून मी कधी पुस्तकांविषयी बोलत नाही.

पुढे नवा, कमी आवाजाचा कीबोर्ड आला आणि वाचनालयाचे चिटणीस गॉडफ्रे सर म्हणाले, “हा जुना फार खडखडतो, कपाटात टाका.” सर निवृत्त शिक्षक. वाडीतली निम्मी माणसे त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचा शब्द खाली पडत नाही. मी दोन वर्षे कपाटात जुन्या अंकांखाली पडून होतो.

तिथून मला मेलिसाने बाहेर काढले. मेलिसा ही वाडीतलीच मुलगी, कार्यालयात संगणकाचे काम करणारी. तिच्या लॅपटॉपच्या कळा बिघडल्या होत्या. उर्सुलाबाईंनी मला रीतसर पुस्तकासारखे नोंदवून तिला दिले. ‘लेखक’ या रकान्यात एक आडवी रेघ मारली. “पंधरा दिवसांत परत कर हं, बाय,” त्या म्हणाल्या. मेलिसाने मला तीन वर्षे ठेवले.

त्या तीन वर्षांत तिने माझ्यावर एक खेळ लिहिला. एकटीने लिहिला. रोज कामावरून आली की चहा बाजूला ठेवून बसायची. खेळाचे नाव ‘घरटी एक’. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मेलेली माणसे उठून चालू लागतात त्याच जातीचा खेळ ना? हो, त्याच जातीचा. पण तो असा आहे. एक वाडी आहे, सत्तावीस घरे, एक विहीर, भाजीचे वाफे, मागे समुद्र. रोज सकाळी तुम्ही ठरवायचे की कोणी पाणी काढायचे, कोणी कुंपण बांधायचे, कोणी पहारा द्यायचा. दुपारी समुद्राच्या बाजूने मेलेली माणसे, म्हणजे ‘उठलेले’, येतात. त्यांना बांबूने रोखता येते, पाडता येते. पण पाडलेला तसाच टाकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतो. त्याला नावाने ओळखायचे, घंटा वाजवायची आणि प्रत्येक घरातून एका माणसाने त्याला पोचवायला जायचे. तेव्हाच तो झोपतो. सगळी वाडी दफनभूमीत गेली की विहिरीवर आणि कुंपणावर माणूस कमी पडतो. तीस दिवस वाडी टिकवायची, हा खेळ.

हा नियम तिने कुठून आणला, ते मी तिच्या बोटांवरून ओळखले. साथीच्या वर्षी तिचे वडील क्लेमेंट वारले. आमच्याकडे कोणी गेले की घरटी एक माणूस जातोच, भांडण असले तरी जातो. त्या दिवशी प्लास्टिकचे झगे घातलेली चार अनोळखी माणसे होती, बस. त्या वर्षी वाडीतून अशी नऊ माणसे गेली. खेळातल्या उठलेल्यांना मेलिसाने त्या नवांची नावे दिली. ‘क्लेमेंट’ टंकताना तिने तीनदा खोडले.

नावे देताना तिने त्या घरांना विचारले नाही. हे तिचे चुकले. मला तेव्हाही ते खटकले होते. पण कीबोर्डला कोण विचारतो, आणि विचारले असते तरी मी बोललो असतो का?

खेळ एका ऑनलाइन दुकानात फुकट ठेवला गेला, त्या दिवशी तिने मला परत केले. नव्या कीबोर्डवर तोवर कोणीतरी सरबत सांडले होते, त्यामुळे मला टेबल मिळाले. दुकानाची पद्धत अशी की खेळणारा एक ते पाच तारे देतो, मत लिहितो आणि मताशेजारी तो किती वेळ खेळला तेही आपोआप छापले जाते. पंधरा दिवसांत सरासरी अडीच ताऱ्यांखाली गेली, तर दुकान तो खेळ पार मागे ढकलते आणि मग तो कोणाला दिसत नाही.

मेलिसा वाचनालयात आली की उर्सुलाबाई तिला मते मोठ्याने वाचून दाखवायच्या. “‘बंदूक कुठे आहे?’ दोन तारे. ‘चित्रं माझ्या बहिणीच्या चौथीतल्या मुलाने काढल्यासारखी.’ तीन तारे. हे बघ गं, ‘एक मढं पोचवायला सत्तावीस माणसं? दोन पुरेत. मूर्ख नियम.’”

“मूर्ख तर मूर्ख. चार तास खेळलाय तो,” मेलिसा म्हणाली.

आचोळ्याच्या अल्पेश नावाच्या खेळाडूने लिहिले होते, ‘पहिले दोन दिवस जाम डोकं फिरलं. मग समजलं, लवकर पोचवलं तर कुंपण कमी लागतं. गेम कडक आहे. पण मॅडम, विहिरीचं गणित गंडलंय, अकराव्या दिवशी पाणी मायनसमध्ये जातं. ते बघा.’ चार तारे, एकसष्ट तास. असल्या रागाचा मला राग येत नाही. तो माणूस विहिरीपर्यंत जाऊन आला होता.

मग वाडीच्या मोबाइल गटावर एक चित्र फिरले. खेळातल्या एका बाईचे चित्र, केस मोकळे, खाली नाव ‘फ्लॉसी’. फ्लॉसी या गॉडफ्रे सरांच्या पत्नी. त्या नवांपैकी एक.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सर अठरा माणसे घेऊन वाचनालयात आले. सगळी साठीच्या पुढची. सरांनी एकेकाला माझ्यासमोर बसवले, खाते उघडून दिले, खेळ उघडला, बंद केला आणि मजकूर सांगितला. “लिही. ‘आमच्या मृतांचा अपमान करणारा खेळ. कोणीही खेळू नये.’ पूर्णविराम. एक तारा.”

“सर, मला चष्मा नाही, तुम्हीच दाबा,” असे म्हणणारेही होते. सरांचे स्वतःचे धरून एकोणीस वेळा तेच वाक्य. मित्रांनो, ज्या कळांवर तिने तीन वर्षे तो खेळ लिहिला, त्याच कळांवर त्याला गाडायचे वाक्य एकोणीस वेळा लिहिले गेले. आणि प्रत्येकाशेजारी छापून आले: खेळलेला वेळ, तीन मिनिटे. पाचूबंदरच्या स्टीवनभाऊंचा तर दोनच. ते नात्यातले म्हणून आले होते, त्यांना आपण कशाला तारा देतोय हेही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलिसा आली. सर वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न ठेवताच म्हणाले, “आलीस? माझी फ्लॉसी तुझ्या खेळात दात विचकत फिरते म्हणे.”

“कोण म्हणे?”

“सगळी वाडी म्हणते. तू मला विचारलं होतंस?”

“नाही.”

“का नाही?”

“तुम्ही नाही म्हणाला असता, सर.”

“म्हणजे माहीत होतं!” त्यांचा आवाज चिरकला. “माझ्या बायकोचं नाव आहे ते. पेरूच्या झाडाचं नाही.”

मेलिसाने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. मग म्हणाली, “चुकलं माझं. शुक्रवारी मी खेळच काढून टाकते. पण तुम्ही एकदा खेळला असतात तर बरं झालं असतं.”

“मला गरज नाही,” सर म्हणाले. ती गेली.

उर्सुलाबाई पुस्तकांना कागदी वेष्टण घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “सर, धडा न वाचता उत्तर लिहिलं तर तुम्ही किती गुण द्यायचा?”

“हा धडा नाही.”

“ते नका सांगू. किती द्यायचा?”

सरांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. तेवढ्यात बाईंनी पडद्यावर नवी ओळ वाचली. सरांच्या मताखाली अल्पेशने लिहिले होते, ‘काका, तीन मिनिटांत आमच्याकडे चहापण होत नाही. तुमचा रिव्ह्यू झाला?’

“शून्य द्यायचो,” सर म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. “उघड तो खेळ. पुराव्यानिशी लिहीन आता.”

ते दुसऱ्या दिवशी हरले, चौथ्या दिवशी हरले. खेळातल्या दिवशी म्हणतो मी. एका उठलेल्याला त्यांनी पाडून तसाच ठेवला. तो सकाळी पुन्हा आला, तेव्हा सर ओरडले, “अरे, हा तर कालचाच!”

“पोचवलात का त्याला?” बाई म्हणाल्या.

“माणसं कुठे आहेत? विहिरीवर कोण जाणार?”

“मग काय, येणारच तो.”

सोमवारी ते सात वाजेपर्यंत बसले, मंगळवारी आणि बुधवारी दुपारी चार ते सात. एका बोटाने, कळ शोधत, माझ्यावर जोर काढत. गुरुवारी ते खेळाच्या सातव्या दिवशी पोचले आणि फ्लॉसीबाई आल्या.

त्या दात विचकत नव्हत्या. कोणावर धावून गेल्या नाहीत. वाफ्यांमधून वाट काढत स्वतःच्या घराच्या मागच्या दारी आल्या आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या बाहेर आहेत आणि त्यांना आत यायचे आहे, एवढेच. पडद्यावर ओळ उमटली: ‘हिला ओळखणारे कोणी आहे का?’ खाली नाव टंकायला मोकळी जागा.

सरांचे बोट माझ्यावर आले. इतके हलके बोट मला त्यांचे आठवत नाही. त्यांनी नाव टंकले.

घंटा वाजली. एकेका दारातून एकेक छोटी आकृती बाहेर पडली आणि रांग लागली. सर ओठांनी मोजत होते. सव्वीस झाल्या. मग त्यांच्या स्वतःच्या घरातून सत्ताविसावी बाहेर आली, टोपी घातलेली, हातात छत्री.

“मी टोपी घालत नाही,” सर रागाने म्हणाले. आणि मग त्यांनी चष्मा काढला. “मी नव्हतो तिथं, उर्सुला. मी दवाखान्यात होतो. मला नवव्या दिवशी सांगितलं.”

“माहीत आहे, सर.”

“तिला कोणी पोचवलं तेही मला माहीत नाही.”

बाईंनी वेष्टणाचा कागद खाली ठेवला, पण त्या उठून जवळ आल्या नाहीत. ते बरे केले.

सात वाजायच्या आत सरांनी आपले जुने मत खोडले आणि नवे लिहिले. त्यावर छापून आले: खेळलेला वेळ, अकरा तास. ‘हा खेळ मी आधी न खेळता नापास केला, ही माझी लबाडी. यात अपमान नाही. परंतु मृतांची नावे वापरण्यापूर्वी घरच्यांना विचारणे हा शिष्टाचार आहे, त्याबद्दल दोन तारे कापले आहेत. तसेच, मी टोपी घालत नाही. तीन तारे.’

मेलिसाला त्यांनी फोनवर सांगितले, “खेळ काढू नकोस. बाकीच्या सात घरी माझ्याबरोबर चल, आधी विचार. नाही म्हणतील त्यांची नावं काढायची.” ती दोघे फिरली. दोन घरे नाही म्हणाली. ती नावे तिने शुक्रवारी माझ्यावरच खोडली आणि विहिरीचे गणितही दुरुस्त केले.

इथे तुम्हाला वाटेल की सगळे गोड झाले. नाही, मित्रांनो. पुढच्या रविवारी सरांनी त्या अठरा जणांना बोलावले, तर ती माणसे म्हणाली, “सांगा सर, आता काय लिहायचं?” सर संतापले. “मी सांगणार नाही! खेळा आणि मग लिहा.” चौघे बसले. बाकीचे “बघू, सवडीने” म्हणून घरी गेले, जेवले, झोपले. त्यांची ती चौदा वाक्ये अजून तिथेच आहेत. पंधरावा दिवस उजाडला. सरासरी दोन पूर्णांक तीन. खेळ मागे ढकलला गेला. जो माणूस तीन वर्षे राबतो त्याला पाडायला तीन मिनिटे पुरतात, आणि पाडणाऱ्याच्या मनात वैरसुद्धा नसते! वैर असते तर निदान त्याने खेळून चुका काढल्या असत्या. माझा राग तो हाच आहे.

गेल्या आठवड्यात स्टीवनभाऊ आले. “उर्सुलाबाय, त्या पोरीचं नुकसान झालं म्हनतात. माझ्या एकाचे पाच तारे करून टाका पटकन. रिक्षा उभी आहे.”

त्यांनी पाच तारे निवडले आणि माझी एंटरची कळ दाबली. ती खाली गेली नाही. त्यांनी पुन्हा दाबली, मग मूठ आपटली.

“जुना झालाय तो,” बाई म्हणाल्या. “खेळ मात्र चालतो त्याच्यावर. बसता?”

“किती वेळ लागेल?”

“ते तुमच्यावर आहे.”

स्टीवनभाऊंनी दाराकडे पाहिले, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षाला हाताने ‘जा’ म्हटले आणि खुर्चीवर बसले. पहिल्याच दिवशी त्यांची विहीर आटली आणि त्यांनी मला एक कोळी शिवी दिली. ती मी आनंदाने घेतली.

मित्रांनो, मी कोणाला उपदेश करावा असा नाही. पण तुमची बोटे माझ्यासारख्या कोणावर तरी रोज पडतात. कोणाच्या कामाला वाईट म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, रागाने म्हणा, कळा झिजेपर्यंत म्हणा. फक्त आधी त्या कामात थोडे राहून या. आणि चांगले म्हणायचे असेल, तरीही. माझी एंटरची कळ, खरे सांगतो, बिघडलेली नव्हती.