कृतिकाची दाढ

कोपर स्टेशनजवळ योगिनीचं ब्युटी पार्लर आहे. अकरा वर्षं तिने केस कापणं, भुवया, फेशियल आणि नवरीचा मेकअप एवढंच केलं. गेल्या दिवाळीपासून मात्र गिऱ्हाइकं विचारायला लागली, "दात पांढरे करून देता का हो?" म्हणून तिने एका होलसेलवाल्याकडून जेलच्या सहा ट्यूबा आणि निळ्या उजेडाचा छोटा दिवा आणला. ट्यूबवर हसऱ्या बाईचं चित्र होतं. कुणी बनवलं, आत काय आहे, परवाना क्रमांक, काहीच छापलेलं नव्हतं. हे योगिनीने दुकानातच पाहिलं होतं. पाहूनही तिने पिशवी उचलली.

पहिल्या तिघींना काही झालं नाही. चौथी कृतिका, तिच्याच बिल्डिंगमधली. शाळेत असल्यापासून केस कापायला योगिनीकडेच यायची. लग्न दहा दिवसांवर आलं होतं, नवरीचा मेकअपही योगिनीच करणार होती.

पंधरा मिनिटांनी कृतिकाने हात वर केला. "ताई, हिरड्या चुरचुरतायत."

"होतं गं थोडं तसं. अजून पाच मिनिटं काढ, फोटोत मस्त दिसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी कृतिकाच्या आईचा, मीराबाईंचा फोन आला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि वरची एक दाढ इतकी ठणकत होती, की पोरीला पाणीसुद्धा पिता येत नव्हतं.

"काल हळदीच्या साड्या आणायला गेलो, तर हिने आइस्क्रीम खाल्लं. ऐकते कुठे माझं! तुझ्या त्या औषधाने तर नाही ना गं झालं?"

"नाही ओ काकू. आइस्क्रीमनेच असेल."

तिने फोन ठेवला. उरलेल्या ट्यूबा तिने टॉवेलांच्या खाली सरकवल्या. दिवसभर काम केलं, पण एका बाईची भुवई वाकडी झाली.

दोन दिवसांनी कृतिका लिफ्टमध्ये भेटली. तोंडावर ओढणी धरलेली.

"कळव्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे चाललेय," ती हळू आवाजात म्हणाली. "काय लावलेलं म्हणून फोनवर विचारत होत्या. मी सांगितलं, ताई चांगलंच वापरतात."

योगिनीला तिच्याकडे बघवेना. तळमजल्यावर दार उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "थांब. ट्यूब घेऊन येते, मीपण येते तुझ्याबरोबर."

डॉक्टर अलिशांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "यात दात पांढरं करणारं पेरॉक्साइड किती आहे?"

"माहीत नाही."

"लावण्याआधी तोंड तपासलं होतं? हिच्या दाढेत भरलेली जुनी चांदी फुटलीय. जेल त्या फटीतून आत गेलं. दात आधीच किडलेला होता, पण नस सुजली ती यानेच. आम्हीसुद्धा हे लावताना हिरड्या झाकून घेतो. तुम्ही काय केलंत?"

"तिला चुरचुरत होतं," योगिनी म्हणाली. "तरी मी पाच मिनिटं वाढवली."

खुर्चीत पडल्यापडल्या कृतिकाने तिच्याकडे पाहिलं.

रूट कॅनाल करावं लागलं. त्याच संध्याकाळी योगिनी मीराबाईंच्या घरी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"दोन दिवस मी पोरीला आइस्क्रीमवरून बोलतेय," मीराबाई म्हणाल्या. "ती रडत होती आणि मी बोलत होते. आणि तुला माहीत होतं."

"हो काकू."

"मेकअपला येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी योगिनी आधीच्या तिघींकडे जाऊन खरं काय ते सांगून आली. एकीने हसण्यावारी नेलं, एकीने दार लावून घेतलं, तिसरीने ऐकून घेतलं. मग उरलेल्या ट्यूबा घेऊन ती ठाण्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेली. "या कुणाला लावल्यात का?" तिथल्या साहेबांनी विचारलं. तिने चार नावं सांगितली आणि जबाबावर सही केली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. हिरड्या तोवर भरून आल्या होत्या. मेकअपला डोंबिवली पूर्वेची दुसरी बाई आली होती. योगिनीने खिडकीतून तिला मेकअपची पेटी घेऊन बिल्डिंगमध्ये शिरताना पाहिलं.

महिन्याभराने माहेरी आलेली कृतिका गेटपाशी भेटली.

"आता दुखत नाही, ताई," ती आपणहून म्हणाली.

माफी मागायला योगिनीने कितीतरी दिवस मनात काय काय जुळवून ठेवलं होतं.

"सासरी बरं आहे ना गं सगळं?" एवढंच तिने विचारलं.